टॉमकॅट, सी हॅरियर आणि आपण कोरडवाहू माणसं

कोरडवाहू (लातूर)

विषय जरा उफराटा आहे, पण बऱ्याच दिवसांपासून डोक्यात होता. मराठवाड्याला समुद्र नाही. पैठणच्या नाथसागराचा पलीकडचा काठ दिसेना झाला की आपल्याला तोच समुद्र. तरी माझ्या वयाच्या लोकांत एक जमात आहे जिला विमानवाहू युद्धनौका आणि तिच्यावरची लढाऊ विमानं यांचं भयानक वेड. मी त्यातलाच.

हे वेड आलं सिनेमातून. ‘टॉप गन’ १९८६ चा, पण आमच्या गल्लीत तो पोचला बऱ्याच उशिरा, व्हिडिओ पार्लरमधून. कॅसेट इतकी झिजलेली की अर्धं आकाश मुंग्यांनी भरलेलं. संवाद कुणाला कळायचे नाहीत. कळायचं एवढंच की डेकवरून वाफ निघतीये, पिवळ्या जर्सीतला माणूस खाली वाकून हात पुढं करतोय आणि ते दोन शेपट्यांचं धूड सुटतंय. ते एफ-१४ टॉमकॅट. नंतर केबलवर ‘द फायनल काउंटडाउन’ (१९८०) सापडला. निमिट्झ ही अणुशक्तीवर चालणारी नौका वादळातून थेट ६ डिसेंबर १९४१ ला, म्हणजे पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या आदल्या दिवशी जाऊन पडते. टॉमकॅट विरुद्ध जपानी झीरो विमानं! ते झीरो म्हणजे रंग फासलेली अमेरिकन सरावाची विमानं होती, पण तेव्हा कुणाला पडलेली?

अमेरिकन नौदलानं टॉमकॅट २२ सप्टेंबर २००६ ला निवृत्त केलं. बरीचशी विमानं यंत्रात घालून तुकडे तुकडे केली, कारण सुटे भाग इराणच्या हाती लागू नयेत. शहाच्या काळात इराणनं हीच विमानं विकत घेतली होती. म्हणजे ज्या विमानाचे पोस्टर आपण वहीला कव्हर म्हणून घातले त्याचा शेवट चुरा होऊन झाला, पण पडद्यावर ते अजून उडतंय. ‘टॉप गन’च्या २०२२ च्या दुसऱ्या भागात शेवटी ते धूळ खात पडलेलं टॉमकॅट पुन्हा सुरू करतात तेव्हा आमच्या थेटरात शिट्ट्या पडल्या.

आता माझा प्रश्न. आपल्या नौदलाकडंही अशी विमानं होती. सीहॉक, अलिझे, सी हॅरियर. तीही निवृत्त झाली. त्यांच्यावर एक तरी धड सिनेमा का नाही? आणि तुमची आवडती विमानं, सिनेमे कोणते, तेही सांगा.

वाळूजची_शिफ्ट (छत्रपती संभाजीनगर)

कोरडवाहू, मस्त धागा. तुम्ही पोस्टर वहीला लावले, मी तर विमानवाहू नौकाच पार्किंगमध्ये लावतो. माझ्याकडं बजाजची व्ही-१५ मोटारसायकल आहे, २०१६ ची. पेट्रोलच्या टाकीत विक्रांतचं लोखंड आहे. जुनी विक्रांत, आपली पहिली विमानवाहू नौका, भंगारात निघाली, त्यातलं पोलाद कंपनीनं घेतलं आणि टाकीसाठी वापरलं. शिफ्ट सुटल्यावर गेटवर कुणी गाडीला हात लावला की मी म्हणतो, सावकाश, एकाहत्तरचं युद्ध बघितलेली टाकी आहे ती.

आयटीआय_फिटर (नांदेड)

टॉमकॅटबद्दल बोलायचं तर बोलूच. त्याचे पंख उडताना मागं-पुढं व्हायचे हे सगळ्यांना माहितीये. २० अंशांपासून ६८ अंशांपर्यंत, आणि तेही संगणक वेग बघून आपोआप करायचा. हळू उडताना पंख पसरलेले, म्हणजे जहाजावर उतरायला सोपं. वेगात मागं दुमडलेले. ७० साली पहिलं उड्डाण केलेल्या विमानात हे होतं.

पण पहिल्या ‘टॉप गन’मध्ये जे दाखवलंय ना, पुढच्या विमानाच्या झोतात सापडून इंजिन बंद पडतं आणि विमान गरगर फिरत खाली जातं, ती नुसती फिल्मी गोष्ट नाही. सुरुवातीच्या टॉमकॅटला टीएफ-३० नावाचं इंजिन होतं. आत येणाऱ्या हवेचा प्रवाह बिघडला की त्याचा कंप्रेसर गुदमरायचा. दोन इंजिनं एकमेकांपासून लांब बसवलेली, त्यामुळं एक बंद पडलं की दुसरं विमानाला एका बाजूला ढकलायचं. गिरकी तिथूनच सुरू. पुढं जनरल इलेक्ट्रिकचं एफ-११० इंजिन आलं तेव्हा कुठं हा जाच संपला. आणि हो, त्यातलं ‘मिग-२८’ जगात कुठंच नव्हतं. काळं रंगवलेलं अमेरिकेचंच एफ-५ होतं ते.

उस्मानाबादी_शेळी (धाराशिव)

मजा चाललीये तर थोडं मीठ टाकतो.

हे सगळे सिनेमे म्हणजे जाहिराती आहेत. फुकटच्या नाही, तिकीट काढून बघितलेल्या. अमेरिकन नौदल जहाज देतं, विमान देतं, आणि बदल्यात पटकथा वाचून बघतं. पहिल्या भागात नायिका आधी नौदलातलीच दाखवायची होती. नौदल म्हणालं, आमच्यात असली प्रेमप्रकरणं चालत नाहीत. मग तिला बाहेरची तज्ज्ञ केली. दुसऱ्या भागाला एफ/ए-१८ सुपर हॉर्नेट तासाला ११,३७४ डॉलर भाड्यानं दिलं, आणि अट अशी की नटानं कशालाही हात लावायचा नाही, मागं गप बसायचं. आपल्याकडं कोण एवढं करून देणार आणि कशाला? त्यापेक्षा माणसावर सिनेमा काढा, यंत्रावर कशाला.

कोरडवाहू

शेळीदादा, जाहिरात आहे मान्य. पण मग ‘द ब्रिजेस अॅट टोको-री’ बघा, १९५४ चा. कोरियन युद्ध, पँथर विमानं, विल्यम होल्डन. जहाजावरून विमान उडवायचं म्हणजे काय, याचं इतकं बारकाईनं चित्रण नंतरही फार कमी झालंय. आणि शेवटी नायक एका चिखलाच्या खड्ड्यात मरतो. नौदलाची मदत घेऊनच बनवलेला सिनेमा आहे तो. भरतीची जाहिरात असली शेवटाची असते का?

उस्मानाबादी_शेळी

एका पिक्चरनं काय होतंय. तरी बघतो.

अंबाजोगाईची_लेक (अंबाजोगाई)

मी शाळेत इतिहास शिकवते, म्हणून कोरडवाहूंच्या प्रश्नाकडे वळते.

सिनेमा नाही असं नाही, बाजूबाजूने आहेत. ‘विजेता’ (१९८२) गोविंद निहलानींचा, मिग-२१ वाला, पण तो हवाईदलाचा. ‘द गाझी अॅटॅक’ (२०१७) नौदलाचा, पण पाणबुडीचा. गंमत बघा, त्या गाझीच्या गोष्टीचं मूळच विक्रांत आहे. पाकिस्तानची पाणबुडी विक्रांतला बुडवायला बंगालच्या उपसागरात आली होती. ती विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडाली. सिनेमा पाणबुडीवर झाला, आणि जिच्यामागे ती आली ती नौका आणि तिची विमानं पडद्यामागेच राहिली.

खरं नाट्य तर तिथे होतं. १९७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. पूर्ण वेग काढता येत नव्हता. आता विमानवाहू नौकेला वेग कशाला लागतो? वाऱ्याच्या दिशेने तोंड करून जोरात गेलं की डेकवर समोरून वारा मिळतो आणि विमानाला तेवढी उचल आयती मिळते. शिवाय विमान फेकणारा कॅटापल्ट वाफेवर चालतो आणि वाफ बॉयलरमधूनच येते. म्हणजे आजारी बॉयलर असलेली नौका युद्धात न्यायची की नाही इथपासून वाद. शेवटी नेली. ४ डिसेंबर १९७१ ला लेफ्टनंट कमांडर संतोष कुमार गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली सीहॉक विमानांनी कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला केला, मग चितगाव. गुप्तांना महावीरचक्र मिळालं. सीहॉक तेव्हाही जुनीच होती. ध्वनीच्या वेगाच्या आतली, चार तोफांची, ब्रिटिशांनी स्वतः आघाडीवरून कधीच काढून टाकलेली.

आणि दुसऱ्या बाजूला अलिझे. पंख्याचं, संथ, तिघांचं विमान, पाणबुड्या शोधायला. १० डिसेंबरला पश्चिमेच्या समुद्रावर पाकिस्तानच्या एफ-१०४ स्टारफायटरने एक अलिझे पाडलं. ध्वनीच्या दुप्पट वेगाचं विमान विरुद्ध पंख्याचं विमान. तिघेही गेले. यावर कुणी पटकथा लिहीत नाही, कारण तिथे टाळ्या घ्यायला जागा नाही.

आयटीआय_फिटर

मॅडम, बॉयलरवाली गोष्ट लै भारी. मी स्वतः बॉयलरवर काम केलंय. तडा गेलेला ड्रम घेऊन चालवायचं म्हणजे खाली काम करणाऱ्यांची काय अवस्था झाली असंल. पिक्चर काढायचा तर डेकवर नाही, बॉयलर रूममध्ये काढा.

वाळूजची_शिफ्ट

म्हणजे टाकीला हात लावू देत नाही ते बरोबरच करायलो मी.

हँगर_डेक (हिंगोली जिल्हा)

हा धागा पोरानं दाखवला. मी नौदलात होतो, विमानाच्या देखभालीत. ओरिसात चिल्काला ट्रेनिंग, मग कोचीनला विमानाची यंत्रं शिकलो, मग गोव्यात नौदलाचा हंसा विमानतळ आणि विराट ही विमानवाहू नौका. सी हॅरियरवर काम केलं. नाव-नंबर काही सांगत नाही, आता त्याची गरजही नाही.

तुम्ही सगळे विमान आकाशात बघायलात. मी ते खालून बघितलं, म्हणून खालचंच सांगतो.

आमचं गाव वसमत तालुक्यातलं. उन्हाळ्यात टँकर यायचा तेव्हा आमच्या मायची घागर लाइनीत आधीच ठेवलेली असायची. तिथून मी जाऊन पडलो विराटवर. चहूकडं पाणीच पाणी आणि आंघोळीचं पाणी मोजून! जहाजावर गोडं पाणी तयार करावं लागतं. समुद्राचं पाणी तापवायचं, त्याची वाफ थंड करायची, ते गोडं. विराट वाफेवर चालायची, त्यामुळं त्यातलं पहिलं पाणी बॉयलरला. मग विमानाला. मग स्वयंपाकघर आणि आम्ही. नळ ठरल्या वेळेला सुटायचा. साबण लावून उभं असताना नळ गेला की सगळे बोंब मारायचे. पंजाबची, केरळची पोरं वैतागायची. मला काहीच वाटायचं नाही. माझा जन्मच नळ जाण्यात गेलेला.

विमानाला पाणी कशाला? तर मीठ. खारी हवा विमानाला खाते. सी हॅरियर उडून आलं की पंखाच्या पुढच्या कडेवरून बोट फिरवा, खरखर लागायचं. पांढरा थर. तो तसाच राहिला तर ॲल्युमिनियमला फोड येतात, आणि स्क्रूच्या डोक्याभोवती आधी येतात. म्हणून गोड्या पाण्यानं धुवायचं. इंजिनाच्या आतूनही पाणी फिरवायचं, नाहीतर पात्यांवर मीठ बसतं. मी आठ-आठ दिवस खारट अंगानं झोपलेलो आहे आणि विमान रोज धुऊन निघायचं. रात्री एकदा गावाकडच्या एका पोरानं विचारलं, दादा, हे विमान आपल्यापेक्षा मोठ्या जातीचं का? हसून मुरकुंडी वळली.

अजून एक गोष्ट, जी सिनेमात कधी दाखवत नाहीत. सी हॅरियर उभ्या उभ्या खाली उतरायचं हे तुम्हाला माहितीये. पेगासस इंजिनाला चार तोंडं असतात, ती खाली वळवायची आणि झोतावर तरंगत उतरायचं. इंग्लंडच्या थंडीत ते जमून जातं. आपल्या अरबी समुद्रावर मे महिन्यात हवा गरम, म्हणजे विरळ, म्हणजे इंजिनाचा जोर कमी. मग काय करायचं? विमानाच्या पोटात पाण्याची वेगळी टाकी असते. सुमारे ५० गॅलन, म्हणजे सव्वादोनशे लिटरच्या आसपास, शुद्ध केलेलं पाणी. उतरताना ते इंजिनात फवारलं की आतली आच आटोक्यात राहते आणि जोर वाढवता येतो. ही टाकी दीड मिनिटात रिकामी होते. दीड मिनिटात पायलटनं काय ते ठरवायचं.

तो उतरायचा कसा? जहाजाच्या डाव्या बाजूला येऊन समुद्रावरच थांबायचा. थांबायचा म्हणजे जहाज जितकं पळतंय तितकंच पळायचा. मग हळूच आडवा सरकून डेकवर यायचा आणि खाली बसायचा. आपल्याकडच्या विमानात तार पकडायचा हुक वगैरे काही नव्हता. त्या टॉमकॅटवाल्यांना ती तार पकडावी लागते, आणि डेकला चाक टेकताना उलट इंजिन पूर्ण जोरात ठेवावं लागतं, तार सुटली तर परत उडता यावं म्हणून. आमचे साहेब म्हणायचे, ते आधी उतरतात आणि मग थांबतात, आपण आधी थांबतो आणि मग उतरतो.

सकाळी उड्डाणं सुरू व्हायच्या आधी सगळे जण डेकवर एका ओळीत उभे राहायचो. खुरपणीला बाया पात धरतात तशी पात धरायची आणि मान खाली घालून डेकच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. स्क्रू, वायरचा तुकडा, नट, सिगारेटचं चांदीचं कागद, दिसेल ते उचलायचं. इंजिनानं एक वॉशर ओढला तर आतली पाती गेली. त्या ओळीत अधिकारी आणि नौसैनिक शेजारी शेजारी चालायचे. मला डेकवरचं हेच जास्त आठवतं, उड्डाण नाही.

शेळी भाऊ म्हणतात माणसावर सिनेमा काढा. काढा की. पण विमान बाजूला काढून तो माणूस तुम्हाला दिसायचा नाही.

कोरडवाहू

काका, साष्टांग. धागा काढल्याचं सार्थक झालं.

तुमच्या पाण्याच्या गोष्टीवरून एक आठवलं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिली गाडी आली तेव्हा आम्ही स्टेशनाबाहेर उभे होतो. त्याच उन्हाळ्यात, ११ मे २०१६ ला, गोव्यात सी हॅरियर निवृत्त झालं. बातमी मी घागरींच्या रांगेत मोबाईलवर वाचली. शेजारच्या काकू म्हणाल्या, काय झालं, कोण गेलं? म्हणलं, एक विमान गेलं. त्या म्हणाल्या, पाणी आणायला गेलं का?

उस्मानाबादी_शेळी

😂 काकूंना माझा नमस्कार सांगा.

हँगर_डेक काका, तुमची पोस्ट बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, ह्यावर पिक्चर काढला तर मी येते, त्या उड्या मारणाऱ्या विमानांच्या पिक्चरला येत नाही. तर घ्या, एक तिकीट खपलं. पण माझा मुद्दा सोडलेला नाही. निवृत्त विमानासाठी आपण हळहळतो, ते बनवताना आणि उडवताना जे गेले त्यांच्यासाठी नाही. आपल्या सी हॅरियरचे अपघात किती झाले, किती पायलट गेले, त्यावर कुणी चार ओळी लिहिल्यात का इथं?

हँगर_डेक

बरोबर बोललात. शेवटी शेवटी इतकी कमी विमानं उरली की डेक मोकळा दिसायचा. एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावायचो. इंग्लंडनं त्यांची सी हॅरियर २००६ मध्येच बंद केली, मग सुटे भाग मिळायचे वांधे. मध्ये इस्रायलचं नवं रडार आणि डर्बी क्षेपणास्त्र बसवून विमान नव्या दमाचं केलं होतं, पण अंग जुनंच. अपघात झाला त्या दिवशी मेसमध्ये कुणी बोलायचं नाही. ज्यानं सकाळी विमान उडायला ठीक आहे म्हणून सही केलेली असायची, त्याच्याकडं तर कुणी बघायचंही नाही. कागदं लगेच सील व्हायची. त्याची चूक नसली तरी तो महिनाभर नीट जेवायचा नाही. याच्यापुढं मी लिहिणार नाही.

अंबाजोगाईची_लेक

काका, लिहू नका. जेवढं लिहिलंत तेवढं पुरेसं आहे.

विषय जरा पुढे नेते. मुली विचारतात की यात बायका कुठे? अमेरिकेत टॉमकॅट उडवणारी पहिली स्त्री कारा हल्टग्रीन, १९९४ मध्ये जहाजावर उतरताना अपघातात गेली. २०२२ च्या सिनेमात ‘फिनिक्स’ ही वैमानिक इतरांच्या बरोबरीने मोहिमेवर जाते आणि कुणाची प्रेयसी म्हणून येत नाही, हे मला आवडलं. आपल्याकडे शिवांगी २०१९ मध्ये नौदलाची पहिली महिला वैमानिक झाली, डॉर्नियरवर. २०२५ च्या जुलैमध्ये आस्था पूनिया नौदलाच्या लढाऊ विमानांच्या शाखेत निवडली गेलेली पहिली महिला ठरली. माझ्या वर्गातली एक मुलगी नौदलाच्या मिग-२९के या लढाऊ विमानाचे फोटो वहीत चिकटवते. तिने समुद्र अजून पाहिलेला नाही. तिला काय सांगू, कुठे नेऊन दाखवू?

आयटीआय_फिटर

गोव्यात बोगमाळोला न्या मॅडम, दाभोळी विमानतळाच्या जवळच. नौदलाच्या विमानांचं संग्रहालय आहे, १९९८ पासूनचं. सीहॉक, अलिझे, सी हॅरियर सगळी उघड्यावर उभी आहेत. आणि एक सुपर कॉन्स्टेलेशन आहे, चार पंख्यांचं, तीन शेपट्यांचं, असलं देखणं विमान की बघत राहावं. मी पोरांना घेऊन गेलतो. अलिझेच्या पंखांची घडी कशी पडते तेच बघत बसलो, बायको म्हणाली चला आता बीचवर.

विशाखापट्टणमलाही टीयू-१४२ हे नौदलाचं टेहळणीचं विमान आहे, समुद्राच्या कडेला, पाणबुडीच्या समोर. आत शिरता येतं. नांदेडहून तिकडं जायला आम्हाला गोव्यापेक्षा सोयीचं.

वाळूजची_शिफ्ट

विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती तेव्हा शाळेच्या सहलीत बघितली होती. हँगरमध्ये विमानं ठेवलेली. मास्तर म्हणाले रांगेत चला, आणि आम्ही सगळे त्या लिफ्टकडं पळालो ज्यानं विमान खालून वर न्यायचे. अख्खा वर्ग त्या लिफ्टवर मावला.

२०१२ ला ते संग्रहालय बंद झालं, २०१४ ला सुमारे ६० कोटीला विकली आणि तोडली. आता मुंबईत लायन गेटजवळ तिच्या पोलादाचं एक स्मारक आहे तेवढं. बाकी मी आहे पार्किंगमध्ये.

कोरडवाहू

आणि विराटचं तर अजूनच वाईट वाटतं. ब्रिटिशांकडं ती हर्मिस होती, फॉकलंडच्या युद्धात त्यांच्या ताफ्याची प्रमुख. १९८७ पासून आपल्याकडं, मार्च २०१७ ला निवृत्त. २०१८ ला राज्य मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीजवळ तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला होता. मी तर गाडीभाड्याचा हिशोब पण केला होता. २०२० च्या सप्टेंबरात ती अलंगला तोडायला गेली.

शेळीदादा म्हणतील ८५२ कोटीत किती शेततळी झाली असती.

उस्मानाबादी_शेळी

म्हणणारच होतो, तुम्ही घास काढून घेतला. पण हेही सांगतो, ८५२ कोटी इकडं शेततळ्याला आले नाहीत आणि जहाजही गेलं. म्हणजे आपलं दोन्हीकडून कोरडंच.

हँगर_डेक

विराट गेल्याचं मी टीव्हीवर बघितलं. मला त्याचं फार काही वाटलं नाही खरं तर. जहाज म्हातारं झालं होतं. १९५९ पासून सेवेत. आम्ही खाली पाइप बदलायचो तर जुना पाइप हातात भुगा होऊन यायचा. तोडलंच पाहिजे होतं. ते किनाऱ्याला उभं करून ठेवणं म्हणजे रोजचा खर्च, आणि लोखंड खाऱ्या पाण्यात थांबत नसतं. विमान ठेवा. विमान धुऊन-पुसून, रंग देऊन शाळेच्या मैदानात उभं करता येतं. पोरं हात लावतील, वर चढतील. चढू द्या.

आणि सी हॅरियरचं स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी, संपलेलं नाही. आयएनएएस ३००, पांढरा वाघ. १९७१ ला सीहॉक उडवणारं हेच, १९८३ पासून सी हॅरियर उडवणारं हेच, आणि २०१६ ला मिग-२९के घेतलं तेही यानंच. निरोपाच्या दिवशी दोन्ही विमानं एकत्र उडाली. आता राफेल-एम येणार, २६ विमानांचा करार झालाय २०२५ ला. विमानं जातात-येतात.

आयटीआय_फिटर

काका, मिग-२९के ला मात्र तार पकडावी लागते. म्हणजे उडताना सी हॅरियरसारखं डेकच्या पुढच्या टोकाच्या चढणीवरून सुटायचं आणि परत येताना टॉमकॅटसारखं हुकानं थांबायचं. दोन्हीचं अर्धं अर्धं.

हँगर_डेक

हो. आणि चाकांना मार दोन्हीचा मिळून.

अंबाजोगाईची_लेक

एक सुचवू? दिवाळीच्या सुट्टीत आमच्या शाळेच्या सभागृहात पडदा आणि प्रोजेक्टर आहे. एक सिनेमा दाखवू आणि काकांना बोलवू. मुलांनी विचारायचं, काकांनी सांगायचं. सिनेमा कोणता ते तुम्ही ठरवा, पण लहान मुलं आहेत हे लक्षात ठेवा.

कोरडवाहू

‘द फायनल काउंटडाउन’! मुलांना कालप्रवास आवडतो, आणि त्यात टॉमकॅट लाटांच्या इतकं जवळून उडतं की पोटात गोळा येतो.

उस्मानाबादी_शेळी

‘टोको-री’. मी काल रात्री बघितला. पोरांना कळू द्या.

अंबाजोगाईची_लेक

सातवीतली मुलं आहेत, शेळीदादा. चिखलातला शेवट नववीला ठेवू.

वाळूजची_शिफ्ट

मी गाडी घेऊन येतो. पोरांना टाकीला हात लावता येईल. फक्त रांगेत.

उस्मानाबादी_शेळी

नववीला तर नववीला, पण सोडणार नाही. येताना बायको पण येईल, काकांना ऐकायला.

हँगर_डेक

येतो मी. हिंगोलीवरून सकाळची गाडी धरतो. बसायला मात्र डाव्या बाजूची खुर्ची द्या, म्हणजे पोरं माझ्या उजव्या हाताला येतील. डावा कान पेगाससनं नेलाय.